गुऱ्हाळावरचे पुस्तक पुण्याला द्यावे की कोल्हापुरातच छापावे : एक प्रकरण अभ्यास

(लेखक आणि दोन्ही प्रकाशकांची ओळख पटू नये म्हणून नावे व काही तपशील वगळले आहेत. रकमा जवळच्या शेकड्यात दिल्या आहेत.)

पार्श्वभूमी

लेखक कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बहुतेक वर्षे करवीर, पन्हाळा आणि कागल तालुक्यांत गेली. त्या काळात गुऱ्हाळघरांवर बसून त्यांनी वह्या भरल्या होत्या: चुलवाण (रस आटवायची मोठी चूल) कसे बांधतात, काहिलीचा (रस आटवायच्या मोठ्या कढईचा) तळ कुठे आधी जळतो, चिपाडे किती वाळलेली हवीत, एका आदणाला (एका वेळच्या उकळीला) रस किती लागतो, गुळव्या (गूळ करणारा) आणि जळव्या (चुलीत जाळ घालणारा) यांची कामे कशी वाटलेली असतात, वाफ्यातला (थंड करायच्या उथळ भांड्यातला) गूळ रव्यात (ढेपेत) भरायची नेमकी वेळ कोणती. पुढच्या प्रकरणांत बाजार होता. अडत, सौदे, तीस किलोचा रवा आणि त्यावर ठरणारी प्रत असा सगळा व्यवहार त्यात आला होता. शेवटी ३४० शब्दांचा कोश आणि जुनी छायाचित्रे.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळावर शास्त्रीय टिपणे आणि सरकारी पुस्तिका आहेत, पण हाताने गूळ करणाऱ्या माणसाचे ज्ञान त्याच्याच भाषेत नोंदवणारे काम फार थोडे. हस्तलिखिताचे मोल तिथेच होते आणि प्रकाशकाच्या दृष्टीने अडचणही तिथेच होती.

अडचण

हस्तलिखित जूनमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. डिसेंबरात होकार आला. आठ-आठ महिने पोचही न मिळणारे लेखक पुष्कळ असतात, तेव्हा या होकाराचे मोल कमी नव्हते. सोबतच्या पत्रात अटी होत्या. २७२ पानांचा मजकूर १६० पानांवर आणायचा. कोश काढायचा किंवा दोन पानांत बसवायचा. गुऱ्हाळावरच्या माणसांचे बोलणे प्रमाण मराठीत करायचे. रंगीत छायाचित्रे नाहीत. आवृत्ती १,००० प्रतींची, किंमत २५० रुपये, मानधन छापील किमतीच्या १० टक्के, विकल्या गेलेल्या प्रतींवर, वर्षातून एकदा. पुस्तक येणार सुमारे दीड वर्षाने. करारात सर्व भाषा, सर्व माध्यमे आणि कॉपीराइटची संपूर्ण मुदत असे हक्क मागितले होते. आपल्या कायद्यात ही मुदत लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे चालते.

संपादकाचे म्हणणे चुकीचे नव्हते. नागपूर, नाशिक, ठाण्याच्या वाचकाला २७२ पाने गूळ पेलणार नाही, हा अंदाज व्यवसायाच्या अनुभवातून आलेला होता. त्यांनी पत्रात आणखी एक गोष्ट सुचवली होती: गुळाच्या इतिहासाचे तिसरे प्रकरण निम्मे करा, वाचक तिथे थांबतो. ही सूचना पुढे कोल्हापूरच्या छोट्या प्रकाशनानेही जशीच्या तशी मान्य केली. मोठ्या संस्थेचा संपादक फुकट देतो तो असा सल्ला नीट जपून ठेवावा, करार कुणाशीही होवो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्याचा. त्याच्या बाजूने वजनदार गोष्टी होत्या: राज्यभर पुस्तकांच्या दुकानांत पोच, प्रदर्शनांत मांडणी, वृत्तपत्रांकडे परीक्षणासाठी प्रती, ग्रंथालयांच्या खरेदीच्या याद्यांत नाव. लेखकाला एक रुपयाही घालायचा नव्हता.

दुसरा पर्याय पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्या संस्थेचा. ८५,००० रुपयांत ३०० प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन आणि 'प्रसिद्धी'. यातला आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, हे लेखकांना बहुधा कुणी सांगत नाही. संपादनाची ओळ त्या दरपत्रकात नव्हतीच. हा पर्याय लवकर बाद झाला. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापण्याचाही विचार झाला, पण रंगीत पानांमुळे प्रतीमागे खर्च ३०० रुपयांच्या वर जात होता आणि शिवलेली बांधणी मिळत नव्हती.

तिसरा पर्याय कोल्हापुरातले एक छोटे प्रकाशन. दोन माणसांचे काम, वर्षाला चार-पाच पुस्तके. संपादन आणि हिशेब प्रकाशिका पाहतात, छपाई आणि विक्री त्यांचे भागीदार पाहतात. त्यांनी हस्तलिखित तीन आठवड्यांत वाचून लेखकाला बोलावले. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "सर, कोश कापायचा नाही. पण त्यात ज्या वस्तूंचं चित्र नाही, त्या वाचकाला दिसणार नाहीत. चित्रं काढून घेऊ." त्यांची तयारी ५०० प्रतींची होती. त्याहून जास्त भांडवल त्यांच्याकडे नव्हते, आणि हे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले.

निर्णय कशावर झाला

सुरुवातीला चर्चा मानधनाभोवती फिरत राहिली, आणि त्या बाजूने पाहिले तर छोट्या प्रकाशनात विशेष काही नव्हते. पुण्याच्या १,००० प्रती संपल्या तर २५,००० रुपये, कोल्हापूरच्या ५०० संपल्या तर, पुढे ठरलेल्या ४०० रुपये किमतीवर, जास्तीत जास्त २०,०००. पुण्याकडे पुढच्या आवृत्तीची शक्यताही जास्त. छोटे प्रकाशन लेखकाला जास्त पैसे देते, असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून आकडे मागावेत.

चर्चेला वळण मिळाले ते एका साध्या कामामुळे. प्रकाशिकेने लेखकाला वाचकांची यादी करायला सांगितली. नुसते 'शेतकरी' किंवा 'अभ्यासक' असे लिहायचे नव्हते, तर नावे, गावे आणि पुस्तक त्यांच्या हातात कसे पडेल हे लिहायचे होते. लेखकाने दोन आठवड्यांत सुमारे २६० नावे आणली. गुऱ्हाळमालक, विकास सेवा सोसायट्यांचे सचिव, निवृत्त सहकारी, कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक, गावोगावची वाचनालये, आणि गूळ सोडून साखर कारखान्यांकडे वळलेली पण घरात अजून काहिल जपून ठेवणारी कुटुंबे. यातली बहुतेक नावे कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातली होती. म्हणजे या पुस्तकाचा वाचक राज्यभर पसरलेला नव्हता. एसटीने दोन तासांत पोचता येईल एवढ्या अंतरात तो राहत होता, आणि त्यातले पुष्कळसे पुस्तकाच्या दुकानात कधी जात नव्हते. मोठ्या प्रकाशनाची सगळ्यात मोठी ताकद, म्हणजे दुकानांची साखळी, या वाचकापर्यंत पोचतच नव्हती.

दुसरी गोष्ट वेळेची. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात. तिथून पुढे हंगामभर गुळाशी संबंध असलेली माणसे यार्डात ये-जा करतात. पुस्तक पाडव्याच्या आधी हातात असेल तर सगळा हंगाम विक्रीला मिळतो. पुण्याच्या वेळापत्रकात ते पावसाळ्यात आले असते.

तिसरी गोष्ट कन्नडची. बेळगाव जिल्ह्यात आणि खाली मंड्यापर्यंत गुऱ्हाळे आहेत. लेखकाला कन्नड अनुवादाचा हक्क स्वतःकडे हवा होता. पुण्याच्या संस्थेने नाटक-चित्रपटाचे हक्क सोडायची तयारी दाखवली, अनुवादाचे नाही. फेब्रुवारीत लेखकाने नकाराचे पत्र पाठवले.

करार

छोट्या प्रकाशनांत करार हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. ओळखीतले काम, एकाच गावातली माणसे, म्हणून कागद होतच नाही. इथे तो झाला, आणि लेखकाच्या आग्रहामुळे झाला.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास ते परत जातात. ही तीन वाक्ये माहीत असलेला लेखक कुठल्याही प्रकाशकासमोर जास्त सरळ बसतो.

अंतिम करार चार पानांचा झाला. हक्क फक्त मराठी छापील पुस्तकाचे, प्रकाशनापासून पाच वर्षांसाठी. ई-बुक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद लेखकाकडे. मानधन पहिल्या छपाईला छापील किमतीच्या १० टक्के, दुसरीपासून साडेबारा. यात एक वाक्य महत्त्वाचे होते: 'प्रत कितीही सवलतीत विकली तरी मानधन छापील किमतीवर.' हे वाक्य नसेल तर 'निव्वळ प्राप्ती' (सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणारी रक्कम) असा शब्द येतो आणि रक्कम निम्म्यावर येते. हिशेब दर सहा महिन्यांनी, सोबत छापखान्याचे बिल आणि बाइंडरच्या चलनाची प्रत. किती प्रती निघाल्या हे लेखकाला कळण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण छापलेले फॉर्म (घडी घालून पुस्तकात बांधायचे पानांचे गठ्ठे) आणि बांधून आलेल्या प्रती हे आकडे नेहमी जुळतातच असे नाही. लेखकाला १५ प्रती मोफत, पुढच्या ४० टक्के सवलतीत. पुस्तक संपल्यावर लेखकाने लेखी कळवूनही सहा महिन्यांत छपाई झाली नाही, तर हक्क परत.

हस्तलिखित ते पुस्तक

मजकूर लेखकाने स्वतः जुन्या फॉन्टमध्ये टंकित केला होता. असे फॉन्ट देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवतात, त्यामुळे युनिकोडमध्ये आणताना रूपांतरक वापरावा लागतो. रूपांतरानंतर पहिल्याच पानावर पुस्तकाचा विषय मोडला होता: सगळीकडे 'गुऱ्हाळ'च्या जागी 'गुर्हाळ' आले होते. रूपांतरकाने ऱ्ह मधला अर्धा र रफार करून टाकला होता. र्ह सरसकट बदलता येतो, फक्त 'अर्हता'सारखे थोडे शब्द सांभाळायचे. र्य मात्र सरसकट बदलला की 'कार्य' आणि 'सूर्य' बिघडतात, आणि न बदलला तर 'शेतकर्यांच्या', 'दुसर्या' तसेच राहतात. शेवटी शब्दांची यादी करून एकेक रूप बदलावे लागले. चार दिवस गेले. हे मांडणीच्या आधी केले म्हणून चारच दिवस. पाने लागल्यावर केले असते तर ओळी सरकून सूची आणि पृष्ठांक पुन्हा करावे लागले असते.

मजकुराची तपासणी दोन ठिकाणी झाली. तापमान, सामू, रसायने यांची प्रकरणे एका गूळतज्ज्ञाने पाहिली. कृतीचे प्रकरण मात्र प्रकाशिकेने पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात जाऊन म्हाताऱ्या गुळव्याला मोठ्याने वाचून दाखवले. मळी (रसावर येणारा मळ) काढण्याच्या परिच्छेदावर त्याने हात वर केला. "ताई, भेंडीचं पानी उकळी फुटल्यावर न्हाई घालत. रस तापाय लागला की घालायचं, म्हंजी मळी वर येती. उकळल्यावर घातलं की मळी रसातच मुरती, मग गूळ काळा." लेखकाच्या वहीत क्रम बरोबर होता, हस्तलिखित उतरवताना दोन वाक्यांची अदलाबदल झाली होती. मुद्रितशोधकाला ही चूक सापडली नसती, कारण भाषा निर्दोष होती. त्या दुपारी कोशात आणखी नऊ शब्द आले. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात छोट्या प्रकाशनाने दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही दुपार आहे. दर महिन्याला अनेक पुस्तके काढणाऱ्या संस्थेच्या संपादकाकडे असा दिवस नसतो, त्याची कितीही इच्छा असली तरी.

कोशासाठी २२ रेखाचित्रे काढून घेतली. चित्रकाराला छायाचित्रे दिली नाहीत, गुऱ्हाळावर नेले. छायाचित्रात काहिलीच्या कड्या वाफेत हरवतात, चित्रात त्या कुठे जोडल्या आहेत हे दाखवता येते.

पुस्तकाचा आकार डेमी १/८, मजकुराची २७२ पाने म्हणजे १६ पानी १७ फॉर्म, आणि मध्ये आर्ट पेपरवर १६ पानांचा एक रंगीत फॉर्म. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम), नॅचरल शेड. २३ × ३६ इंची शीटवर एका पुस्तकाला साडेआठ शीट लागतात. ५०० प्रतींना ४,२५०, त्यावर वाया जाण्याचे आठ टक्के धरून सव्वानऊ रीमच्या (रीम म्हणजे ५०० शीट) आसपास.

छपाईआधी बाइंडरकडून त्याच कागदाची कोरी डमी करून घेतली, आणि ती उघडी राहीना. पाने कमानीसारखी उभी राहत होती. कागदाचा तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा, आणि आलेल्या कागदात तो आडवा होता. हे तपासायला यंत्र लागत नाही: कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहायचा, ज्या दिशेने सहज वाकतो ती घडी तंतूला समांतर असते. कागद बदलून घेण्यात सहा दिवस गेले. गुऱ्हाळावर मांडीवर उघडून वाचायचे पुस्तक मिटत राहिले असते तर ती तक्रार शेवटच्या प्रतीपर्यंत टिकली असती. याच कारणासाठी नुसत्या गोंदाच्या बांधणीऐवजी फॉर्म शिवून घेतले.

छपाई मुद्दाम सप्टेंबरच्या उत्तरार्धात ठेवली. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या हवेत कागद ओल धरतो, शीट लहरतात, रंगीत छपाईत चार रंग एकमेकांवर बसत नाहीत आणि लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ वाकते. साठ्याची जागाही पावसाचा विचार करूनच घेतली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या अनेक भागांत घरादुकानांत शिरले होते. प्रकाशिकेने पुराच्या रेषेबाहेरची, पहिल्या मजल्यावरची खोली घेतली.

खर्च आणि किंमत

कागद १८,७००, मजकुराच्या प्लेट आणि छपाई १५,०००, रंगीत फॉर्म ८,०००, मुखपृष्ठाची छपाई आणि लॅमिनेशन ६,०००, बांधणी १४,०००. छापखान्याचा भाग ६१,७०० रुपये. त्याआधी मुद्रितशोधन ६,८००, मांडणी १०,९००, चित्रे ११,०००, मुखपृष्ठाची आखणी ६,०००, मिळून ३४,७००. एकूण ९६,४००. म्हणजे प्रतीमागे सुमारे १९३ रुपये.

किंमत ४०० रुपये ठरली आणि इथे सगळ्यात धाडसी निर्णय घ्यावा लागला. वितरकाला साधारण ५० टक्के सवलत द्यावी लागते. ४०० मधून २०० हाती, त्यातून ४० मानधन, उरले १६०. खर्च १९३. प्रत्येक प्रतीला ३३ रुपये तोटा. वितरकामार्फत विकायचे तर किंमत खर्चाच्या चार-पाच पट ठेवावी लागते, आणि ८०० रुपयांचे गुळाचे पुस्तक या वाचकाने घेतले नसते. म्हणून वितरक नेमायचाच नाही असे ठरले. वाचक पत्त्यानिशी माहीत होता, म्हणूनच हे शक्य झाले. कवितासंग्रहाच्या किंवा कादंबरीच्या बाबतीत हेच गणित प्रकाशकाला बुडवू शकते.

विक्री आणि परिणाम

प्रकाशनपूर्व सवलतीत ३०० रुपयांना १८० प्रती गेल्या. पैसे क्यूआर कोडवर आले, आणि तिथे गोंधळ झाला. पैसे एकाच्या खात्यावरून, पत्ता दुसऱ्याचा, निरोप तिसऱ्याच्या व्हॉट्सॲपवर. १४ जणांचे पैसे आले पण पुस्तक कुणाला पाठवायचे ते कळेना. सगळी नावे लागायला महिना गेला. पैसे भरण्याआधी नाव-पत्त्याचा साधा अर्ज भरून घेतला असता तर हे टळले असते.

प्रकाशनाचा समारंभ छोटा होता. खरी विक्री झाली ती यार्डाजवळच्या आणि गावच्या जत्रांतल्या टेबलांवर: १४० प्रती, १५ टक्के सवलतीने. कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांत ३० टक्क्यांनी ९०. ग्रंथालयांत २० टक्क्यांनी ५०. कोल्हापूर हे वाचनालयांचे गाव आहे, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे, आणि खेड्यांतही अनुदानित वाचनालये आहेत. तरीही हा आकडा कमी राहिला. वाचनालयांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यांवर चालते आणि पुरवठादार ठरलेले असतात. उरलेल्या ४० प्रती लेखक, परीक्षणे आणि कायद्याने द्यायच्या प्रतींत गेल्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. छोटी प्रकाशने हे विसरतात, आणि मग तीस वर्षांनी ते पुस्तक कुठेच सापडत नाही.

जमा झाली १,४२,८०० रुपये. खर्च वजा जाता ४६,४००. लेखकाचे मानधन ४६० प्रतींवर १८,४००, ते दोन हप्त्यांत वेळेवर मिळाले. टपाल, टेबलांची भाडी, समारंभ यांत ९,५०० गेले. प्रकाशनाकडे उरले १८,५००. दोन माणसांच्या आठ महिन्यांच्या कामाची ही रक्कम आहे आणि त्यात त्यांचा पगार धरलेला नाही. दुसरीकडे, पुण्याच्या २५० रुपयांच्या पुस्तकातून लेखकाला १८,४०० मिळायला ७३६ प्रती विकल्या जाव्या लागल्या असत्या.

गमावले तेही मांडायला हवे. पुण्या-मुंबईत पुस्तक जवळजवळ दिसले नाही. पुण्याच्या एका दुकानात विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवलेल्या प्रतींची रक्कम यायला सात महिने लागले. मोठ्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत परीक्षण आले नाही. लेखकाला याची खंत आहे आणि ती रास्त आहे. एकाच पुस्तकासाठी दूरचा दुकानदार खाते उघडत नाही. हे छोट्या प्रकाशनाचे दुखणे मेहनतीने थोडे कमी होते, जात नाही.

काय वेगळे करता आले असते

५०० प्रती फेब्रुवारीअखेर संपल्या. गुऱ्हाळे अजून चालू होती, मागणी येत होती, आणि हातात प्रत नव्हती. ३०० प्रतींची दुसरी छपाई मे महिन्यात निघाली. त्यात संपादन-मांडणीचा खर्च नव्हता, तरी प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च पुन्हा झाला. ४५,६०० रुपये, प्रतीमागे १५२. पहिल्याच वेळी २०० प्रती जास्त काढल्या असत्या तर त्यांना फक्त कागद, बांधणी आणि थोडी छपाई लागली असती: प्रतीमागे ८० रुपयांच्या आसपास, म्हणजे १६,००० रुपये. प्रकाशनपूर्व नोंदणी १८० वर गेली ती छपाईला आठवडा असताना. साधारण तिसरा हिस्सा आधीच विकला गेला असेल तर आवृत्ती वाढवायला तो पुरेसा आधार होता. पण ते १६,००० त्या दिवशी प्रकाशनाच्या खात्यावर नव्हते. लेखकाने किंवा दोन-तीन सोसायट्यांनी आगाऊ प्रती घेतल्या असत्या तर प्रश्न सुटला असता. असा पर्याय करारातच लिहून ठेवता येतो: नोंदणी अमुक आकड्यावर गेली तर लेखक अमुक प्रतींची रक्कम आगाऊ देईल आणि त्या ४० टक्के सवलतीत घेईल. हा पैसे भरून पुस्तक काढण्याचा प्रकार नाही, कारण प्रकाशकाचे पैसे आधीच लागलेले असतात.

टपालाचा खर्चही कमी झाला असता. या पुस्तकाचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. बहुतेक प्रती कुरिअरने गेल्या. मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा सुरू आहे, तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये असे आहेत, कर वेगळा. सेवेच्या अटींत बसणाऱ्या पुस्तकांना ती नक्की वापरावी.

पुण्याच्या संस्थेशी बोलणे एका पत्रात संपवायला नको होते. छापील मराठी आवृत्ती कोल्हापूरची, आणि दोन वर्षांनी १६० पानांची संक्षिप्त आवृत्ती त्यांची, असा प्रस्ताव ठेवता आला असता. हक्क वेगवेगळे लिहिलेले असतील तर तो मार्ग अजूनही मोकळा आहे. मात्र संक्षिप्त आवृत्तीचा उल्लेख कोल्हापूरच्या करारात नाही, त्यामुळे आता दोघांची लेखी संमती लागेल. लेखकाचे पुढचे हस्तलिखित महाराष्ट्रातल्या ऊसशेतीवर आहे. त्याचा वाचक राज्यभरचा आहे, आणि ते पुण्यालाच पाठवायचे ठरले आहे. या वेळी पाच वर्षांची मुदत आणि छापील किमतीवरचे मानधन ही दोन वाक्ये पहिल्याच पत्रात आहेत.

एक धोका करार करताना कुणाच्याच लक्षात आला नव्हता. प्रकाशन दोन माणसांचे आहे. त्यातले एक आजारी पडले किंवा काम थांबले, तर पुस्तकाच्या फाइली कुणाकडे? छापखान्याकडे फक्त पीडीएफ असते, त्यात सहज दुरुस्ती करता येत नाही. दुसऱ्या छपाईच्या वेळी पुरवणी करार करून हे निस्तरले: मांडणीची मूळ फाइल, फॉन्ट, ६०० डीपीआयची रेखाचित्रे आणि छायाचित्रांचे मूळ स्कॅन यांचा एक संच लेखकाकडे. प्रकाशन बंद पडले तर शिल्लक प्रती आधी लेखकाला, छपाईच्या खर्चात. संच देताना प्रकाशिकेने तो लेखकाच्या संगणकावर उघडून दाखवला, कारण फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली तर 'गुऱ्हाळ' पुन्हा मोडू शकते.